कूलंट जातं कुठे?

नाशिक-मुंबई रस्त्यावर गाडीची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत तीनशे मीटरच्या आसपास चढ आहे. याच थळ घाटात रुळांचा चढ १:३७ असल्यामुळे रेल्वेसुद्धा जादा इंजिनं लावते. माझ्या जुन्या डिझेल गाडीला मदतीला कोणी नव्हतं. मे महिना, पुढे ट्रेलरची रांग, पहिला गिअर आणि एसी चालू. एरवी निम्म्याच्या खाली असणारा तापमानाचा काटा वर सरकू लागला.

एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर म्हणजे शिक्षाच, पण इंजिनची उष्णता तेवढीच केबिनमधून बाहेर पडते. काटा थोडा उतरला. घाट संपल्यावर धाब्यापाशी गाडी लावली, तर एक क्लीनर पाण्याची बाटली घेऊन मदतीला धावलाच. रेडिएटरचं झाकण उघडू नका, असं त्याला हात धरून सांगावं लागलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. इंजिन गार होईपर्यंत चहा पीत बसलो. कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती, आणि ती मी नुकतीच भरली होती. म्हणजे कुठेतरी गळत होतं.

नाशिकला पहिल्या गॅरेजवाल्याने न बघताच निदान केलं. “थर्मोस्टॅट काढून टाकू साहेब, आपल्याकडे कुठे थंडी असते?” असं म्हणणाऱ्याने जानेवारीत निफाडला जाऊन यावं. तिथे द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात. आणि थर्मोस्टॅटचा संबंध फक्त थंडीशी नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो आणि तोवर इंजिनला लवकर तापू देतो. तो काढला तर इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त पितं आणि मूळ बिघाड झाकला जातो.

मग वडाळा नाक्याकडच्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. ते म्हणाले, “इंजिन पाणी पीत नाही. जातं ते कुठूनतरी जातंच.” गार इंजिनच्या रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी हातपंप बसवला, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि घड्याळाकडे बघत बसले. पंपावरचा दाबाचा काटा हळूहळू खाली आला. होज पाइप कोरडे, क्लिपा घट्ट, रेडिएटरखाली थेंब नाही. टॉर्च घेऊन ते खाली वाकले. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, त्याच्या कडेला गुलाबी खरपुडी धरली होती. कूलंट झिरपून वाळलं की उरते ती हीच. “वॉटर बॉडी गेली,” चाचा म्हणाले. माझ्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्टही त्याच वेळी बदलून घेतला. मजुरी एकदाच पडली.

जुनं कूलंट गंजाच्या रंगाचं निघालं. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी ओतलं असावं. जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. चाचांनी सगळं धुऊन डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरलं. रंग पाहून नव्हे, तर गाडीच्या पुस्तकातला प्रकार पाहून. पुढची चाकं उंचावर घेतली, हीटर चालू ठेवला आणि वरचा होज दाबत राहिले. बुडबुडे थांबले आणि पंखा दोनदा फिरून बंद झाला, तेव्हाच झाकण लावलं.

काढलेलं कूलंट त्यांनी गटारात सोडलं नाही, कॅनमध्ये भरून वर ठेवलं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री ते चाटतात, मूत्रपिंडं निकामी होतात आणि मरतात. घरी कूलंटचा डबा असेल, तर तो पोरांच्याही हाताला लागू देऊ नका.

आणि पातळी सकाळी, इंजिन गार असताना बघत जा. ती दोन रेघांच्या मध्ये हवी. थोड्याच दिवसांत पुन्हा कूलंट ओतायची वेळ आली, तर नवा डबा विकत घेण्याआधी गाडीची प्रेशर टेस्ट करून घ्या.