कागदाची कड

ईसीजीची पट्टी मशीनमधून सरसर बाहेर येते, सेकंदाला २५ मिलिमीटर. बारीक चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी ०.२ ची. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरली. लाटांची पी, क्यूआरएस, टी ही अक्षरंही पाठ झाली. आइन्टहोवेननं १८९५ मध्ये ठेवलेली नावं आजही तीच आहेत. पण पट्टी काही वाचता येईना. सगळे डोंगर सारखेच.

एका नाइटला इन्चार्ज सिस्टरांनी माझ्या हातात कोरा कागद दिला. "कड पट्टीला लाव. प्रत्येक उंच टोकाखाली रेघ मार. आता कागद एक ठोका पुढे सरकव." रेघा पुढच्या टोकांखाली चपखल बसल्या. ताल नियमित. मग त्यांनी एट्रियल फिब्रिलेशनची पट्टी पुढे केली. कागद कुठेही सरकवा, रेघा जुळत नाहीत. पी शोधावी तर तळाशी नुसती थरथर.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती वेंकेबाखची पट्टी. पी आणि क्यूआरएसमधलं अंतर ठोक्यागणिक वाढत जातं आणि एकदा पी एकटीच येते, मागून कुणीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. वेंकेबाखनं हे १८९९ मध्ये हेरलं, तेही मनगटाच्या नाडीच्या आलेखावरून. ईसीजी काढणारं आइन्टहोवेनचं तारेचं यंत्र तेव्हा यायचं होतं. नाडीवर बोट ठेवताना मला हे हमखास आठवतं.

त्याच नाइटच्या पहाटे चार नंबरच्या बेडचा अलार्म वाजला. मॉनिटरवर रुंद, वेड्यावाकड्या लाटा. व्हीटी, व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया! मी क्रॅश ट्रॉलीकडे धावले. सिस्टरांनी मला दंडाला धरून थांबवलं. "आधी पेशंटकडे बघ."

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. तळहातावर मिश्री, तर्जनी दातांवर घसाघसा फिरत होती. छातीवरच्या लीडची वायर त्या हाताबरोबर हलत होती. सिस्टरांनी बोट थांबवायला सांगितलं, तशा लाटा ओसरल्या.

मी आजींचं मनगट हातात घेतलं. पातळ कातडीखाली नाडी संथ चालली होती, मिनिटाला ७२.

"काय झालं गं पोरी?"

"काही नाही आजी. तंबाखू मात्र आता सोडायची."

त्या काही बोलल्या नाहीत. मी अलार्मच्या वेळची पट्टी छापून टेबलावर नेली आणि कागदाची कड लावली. त्या गोंधळाच्या आत बारीक टोकं होती, ठरल्या अंतरावर. एकेक रेघ आपल्या जागी बसत गेली.