धवळी विकायची का?

मुलांनो, शिक्षकांना सगळं येतं असं तुम्हांला वाटतं ना? माझी एकदा चांगलीच फजिती झाली. त्याचीच ही गोष्ट.

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. चौथीच्या वर्गात मी पृथ्वीच्या वाढत्या तापमानाबद्दल सांगत होते. मोटारी झाल्या, कारखाने झाले. बोलता बोलता म्हणाले, "आपल्या गाई-म्हशीसुद्धा मिथेन नावाचा वायू सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो." तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा टेबलाशी आला. डोळे भरलेले. "बाई, मंग आमची धवळी इकून टाकाव का जी?"

त्यांच्या घरी ती एकच गाय. पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची. ही तर आपल्या वर्ध्याकडचीच जात! मला उत्तर सुचेना. "उद्या सांगते," म्हणून सुटले.

घरी आले तर समोर आमचा बंद पडलेला गोबरगॅस. सिलिंडर आल्यापासून टाकी गंजत होती. शेजारी उकिरडा, त्यात पावसाचं डबकं. वर्गात धवळीवर ठपका ठेवणारी मी, आणि आमच्याच पाच ढोरांचं शेण असं कुजत होतं! खरं सांगते, लाज वाटली. याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९४२ साली जाईपर्यंतचे शेवटचे महिने गोसेवेला वाहिले होते.

रात्री बसून नीट वाचलं आणि सकाळी वर्गाला सांगितलं. गाईच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव गवत आणि कुटार आंबवतात. म्हणून तर आपल्याला न पचणाऱ्या काडीचं दूध होतं! पण त्यात मिथेनही तयार होतो आणि बहुतेक ढेकरांतून बाहेर पडतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. थेंबे थेंबे तळे साचे!

ढेकर काही थांबवता येत नाही. पण कडब्याची कुट्टी, हिरवा चारा, थोडी ढेप असा नीट आहार दिला, जनावर निरोगी ठेवलं, तर दूध वाढतं आणि एका लिटरमागे मिथेन कमी पडतो. शेणाचंही तसंच. हवा लागत नाही तिथे ते कुजलं की मिथेन होतो. गोबरगॅसमध्ये तोच वायू साठवून चुलीवर जाळला, की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. तापवणं कितीतरी कमी, वर शेताला खत!

"मंजे धवळी राहू द्याची!" तो मुलगा ओरडलाच.

एका गाईच्या शेणावर गोबरगॅस चालत नाही. म्हणून त्याच्या बाबांनी उकिरडा उंचावर हलवला. त्यात पालापाचोळा मिसळून ते तो अधूनमधून वरखाली करतात, म्हणजे हवा खेळते. आमच्याकडे मामंजींनी टाकी जोडून रंगवली. शेण आणि पाणी सारखं कालवून टाकलं. पहिला गॅस पेटलाच नाही! तीन आठवड्यांनी निळी ज्योत आली, तेव्हा त्यावर पहिला चहा मी केला.

तुमच्या घरी गोठा असेल, तर शेण कुठे जातं ते आज बघा आणि आईबाबांना विचारा. गोठा नसेल, तर पेल्यातलं उरलेलं दूध मोरीत ओतण्याआधी धवळीची आठवण ठेवा. आणि हो, बाईंना न कळलेलं विचारत जा. त्यातून बाईही शिकतात.