पुन्हा अंक पहिला

1938 साली सुपरमॅन 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला तेव्हा तो ऐन तारुण्यात होता, आणि आजही आहे. त्याला वाचत मोठी झालेली पोरं मात्र आजोबा होऊन गेली. नायकाचं वय थोपवून धरायचं आणि गोष्ट दर महिन्याला पुढे रेटायची, हे कधी ना कधी अंगाशी येणारच. मग डीसी कॉमिक्सवाले सगळं विश्वच मोडतात आणि नव्याने मांडतात. 1985-86मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स'च्या 12 अंकांत त्यांनी ते केलं. पण खरा धडाका 2011च्या सप्टेंबरचा, 'न्यू 52'चा. 52 मालिका, आणि झाडून सगळ्यांवर 'अंक पहिला'. 904पर्यंत पोचलेलं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'सुद्धा त्यातून सुटलं नाही.

हेतू समजण्यासारखा होता. दुकानात पहिल्यांदाच आलेल्या मुलाच्या हाती 905वा अंक कसा द्यायचा? पण पुसापुशी सरसकट नव्हती. सुपरमॅनचं 1996मधलं लग्न गेलं, पोशाखावरची लाल चड्डीही गेली. बॅटमॅन बरा खपत होता, त्याचा इतिहास बहुतेक तसाच राहिला. इमारत पुनर्विकासाला काढायची, पण भाडं चांगलं येतं म्हणून तिसरा मजला अधांतरी ठेवून द्यायचा, त्यातली गत! नव्या हिशेबात सुपरहिरो जगासमोर येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. तेवढ्यात बॅटमॅनचे एकामागून एक आलेले चार साथीदार, म्हणजे चार रॉबिन, कोंबायचे, आणि त्यातला चौथा, डेमियन, हा त्याचा पोटचा दहा वर्षांचा मुलगा. वाचकांनी बोटं मोजली, लेखकांनी खुलासे केले. मला तर गोष्टींपेक्षा त्या खुलाशांचीच मौज वाटली.

बॅटगर्ल म्हणजे बार्बरा गॉर्डन, तिच्या बाबतीत मात्र हसू येत नाही. 'द किलिंग जोक'मध्ये, 1988 साली, ती घराचं दार उघडते आणि समोर उभा असलेला जोकर तिच्यावर गोळी झाडतो. तिच्याशी त्याचं वैर नसतंच. तिच्या बापाला वेडं करायचं असतं. गोष्टीने तिला वापरून टाकून दिलं होतं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक नवरा-बायकोने तिला उचललं आणि 'ओरॅकल' केलं. व्हीलचेअरवर बसून, संगणकांपुढे, ती अख्ख्या सुपरहिरो जमातीला माहिती पुरवू लागली. दोन दशकांहून अधिक काळ. 2011मध्ये ती पुन्हा बॅटगर्ल होऊन छपरांवरून उड्या मारू लागली. गोळीची आठवण ठेवली, खुर्चीतला काळ तीन वर्षांवर आणला. त्या खुर्चीत स्वतःला पाहणारे वाचक दुखावले, यात नवल ते काय? नव्या वाचकासाठी गाठोडं हलकं करताना त्यांनी तिची कमाईच बाहेर टाकली होती.

नायकाच्या वयावरचा तोडगा खरं तर घरातच होता. बॅरी अ‍ॅलन, म्हणजे फ्लॅश, 'क्रायसिस'मध्ये मेला आणि त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट याने तो तांबडा पोशाख चढवला. नायक बदलला, वारसा चालू राहिला. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या आपल्यासारख्यांना यात काहीच वावगं वाटत नाही. आपला वेताळ तर एकविसावा! पण डीसीने पुढे बॅरीला मेलेला उठवला आणि 2011मध्ये वॉलीला अस्तित्वातूनच काढलं. 2016च्या 'रिबर्थ'मध्ये तो परतला, तेव्हा त्याला कोणीच ओळखत नव्हतं. शेवटच्या क्षणी बॅरीला त्याचं नाव आठवलं म्हणून तो वाचला.

त्याच वर्षी 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'वर 957 हा आकडा आला. 904 जुने, मधले 52 नवे, बेरीज चोख. 2018च्या हजाराव्या अंकात लाल चड्डीही परत मिळाली.

2024मध्ये त्यांनी 'अ‍ॅब्सोल्यूट' नावाचं विश्व काढलं, ते मात्र जुन्याच्या शेजारी. तिथला बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, गडगंज नाही आणि त्याची आई जिवंत आहे. तिथला अंक पहिला मी निर्धास्त उघडला. त्यापायी इकडे कुणाचं लग्न मोडलेलं नव्हतं.