हीट पॉवर की डिझाइन?

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात इलेक्टिव्हचा फॉर्म भरायची वेळ आली, की मुलांच्या बोलण्यात एकच प्रश्न घोळत असतो: पुढे मागणी कशाला आहे? कुणी विजेवरच्या गाड्या म्हणतं, कुणी रोबोटिक्स, तर कुणी ‘डिझाइनच घे, हीट पॉवरला आता कोण विचारतं’ असं सांगून मोकळं होतं. प्रश्न स्वाभाविक आहे, पण मागणी असते ती वस्तूला, आणि वस्तू बदलत राहतात. अभियंत्याचं पोट चालतं ते त्या वस्तूच्या आत चाललेल्या व्यवहारावर: उष्णता कुठून कुठे जाते, धातू कशाने थकतो, दोन भागांमध्ये किती फट राहते. म्हणून विषय निवडताना आज कोणता उद्योग तेजीत आहे हे बघण्यापेक्षा यातल्या कोणत्या व्यवहारात आपलं डोकं रमतं हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

याचा पुरावा पुण्याजवळच सापडतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा वाढला तो मुख्यतः इंजिनाच्या गाड्यांवर. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, आणि नव्या दुचाकींमधून कार्बुरेटर जवळजवळ एका झटक्यात गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. ज्याला फक्त जेट बदलणं आणि ट्यूनिंग ठाऊक होतं, त्याची विद्या तिथेच अडली. पण व्हेंचुरीच्या गळ्यात हवेचा वेग वाढला की दाब का घटतो, थेंब जितका बारीक तितकी त्याची वाफ लवकर का होते, हे ज्याला मुळातून कळलं होतं त्याला इंजेक्टर परका वाटायचं कारण नव्हतं. आता तेच बॅटरीच्या बाबतीत चाललं आहे. लिथियम-आयन सेलला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवतं, आणि पॅकमधल्या सेलांमधला फरक पाचेक अंशांच्या आत ठेवायची धडपड असते, कारण जास्त तापणारे सेल लवकर जुने होतात आणि सबंध पॅकला मागे खेचतात. २०२२ साली विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, तेव्हा सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. एक सेल पेटला तर ती आग शेजारच्या सेलांपर्यंत पोचते का, हा त्यातला एक कळीचा मुद्दा. बॉयलर आणि डिझेलचा जुनाट विषय समजून मुलं ज्या हीट पॉवरला टाळतात, तिचंच हे काम आहे.

प्रॉडक्शनकडेही असंच कमीपणाने पाहिलं जातं. २५ मिलिमीटरचं भोक आणि त्यात सरकणारा शाफ्ट घ्या. ड्रॉइंगवर एच७-जी६ असं फिट लिहिलं, की भोक २५ पेक्षा जास्तीत जास्त २१ मायक्रॉन मोठं चालतं आणि शाफ्ट ७ ते २० मायक्रॉन बारीक असावा लागतो. म्हणजे कमीत कमी फट ७ मायक्रॉनची. ही मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. आता भोक पोलादात आणि शाफ्ट अॅल्युमिनियमचा असेल, आणि एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ४० अंश झाले, तर भोक सुमारे ६ मायक्रॉन वाढतं आणि शाफ्ट साडेअकरा. सातातले साडेपाच मायक्रॉन नुसत्या उन्हाने गेले. इथे डिझाइन कुठे संपलं, हीट ट्रान्सफर कुठे सुरू झालं आणि प्रॉडक्शनचा दोष कोणता, हे वेगळं काढता येत नाही. स्पेशलायझेशन म्हणजे या गुंत्यात कोणत्या बाजूने शिरायचं एवढंच. बाकीच्या बाजू सुटत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो विसाव्या वर्षी आपला कल कळतोच कुठे, हा. मार्कांवरून तो कळत नाही, हे खरं. पण प्रत्येक शाखेतली अनिश्चितता वेगळ्या जातीची असते, आणि कोणती आपल्याला सोसवते हे त्या वयातही जोखता येतं. हीट ट्रान्सफरमधली कोरिलेशन्स वीस-पंचवीस टक्क्यांनी सहज चुकतात, आणि त्या आकड्यावर भिस्त ठेवून कूलिंगची रचना ठरवावी लागते. फटीगमध्ये एकाच सळईतून कापलेले नमुने सारख्याच भाराखाली फार वेगवेगळ्या आवर्तनांनंतर तुटतात, आणि आपला निर्णय बरोबर होता का हे कळायला वर्षं जातात. १९५४ मध्ये कॉमेट विमानं आकाशात फुटली ती याच थकव्याने. केबिनमध्ये दाब भरणं आणि उतरवणं एवढंच त्यामागे होतं, पण ते पुन्हा पुन्हा. प्रॉडक्शनमध्ये मात्र उत्तर त्याच पाळीत रिजेक्शनच्या ट्रेमध्ये पडलेलं दिसतं. ज्याला उत्तर लगेच हवं असतं त्याने फटीगच्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याला एका आकड्यावर महिनोन्महिने विचार करायला आवडतं तो लाइनवर कोमेजतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या कॅटिया आणि अॅन्सिस येतं का एवढंच विचारतात. ते शिकावंच, पहिली नोकरी ही चैनीची गोष्ट नाही. पण सॉफ्टवेअर रंगीत चित्र काढून देतं ते चुकीच्या बाउंड्री कंडिशनवरही तितक्याच सफाईने देतं, आणि ती चूक हातानं आडाखा मांडणाऱ्यालाच दिसते.

राहिला रोबोटिक्सचा आग्रह. अनेक रोबोटांच्या सांध्यांत हार्मोनिक ड्राइव्ह असतो. त्यात पातळ पोलादाचा दातेरी कप मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा दबून पुन्हा सुटतो. मोटर मिनिटाला २००० फेरे फिरली, तर आठ तासांच्या पाळीत तो कप एकोणीस लाखांहून जास्त वेळा वाकतो. त्याच्या दाताच्या मुळाशी चीर कधी पडेल हे सांगणारा माणूस फटीग शिकलेला असावा लागतो, मग त्याच्या पदवीवर रोबोटिक्स लिहिलेलं असो वा नसो.