कॅप्टन डन्सेल

जुनं 'स्टार ट्रेक' म्हणजे अगदी मूळचं, १९६६ ते १९६९ मधलं, ७९ भागांचं. आपल्याकडे ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. बाबांच्या पिढीने ते शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून पाहिलं. निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, पण कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक पक्के लक्षात राहिले. सध्या दर वीकेंडला रत्नागिरीत आमची उजळणी चालू आहे.

सेट पुठ्ठ्याचे आहेत, हे आधीच मान्य करून टाकू. 'द डेव्हिल इन द डार्क' (१९६७) मधला खडक पोखरणारा प्राणी म्हणजे गोधडीखाली रांगणारा माणूस, हे पहिल्या मिनिटात कळतं! तरी चिरेखाणींच्या मुलखात बसून तो भाग बघायला मजा येते. खाणकामगारांना मारणारा 'राक्षस' शेवटी अंडी राखणारी आई निघते, आणि डॉक्टर मॅकॉय तिची जखम चक्क काँक्रीट लिंपून बुजवतो. बाबा म्हणाले, "अरे, हा तर गवंडी!"

असो. लिहायचंय ते 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' (१९६८) बद्दल. डॉ. डेस्ट्रॉम नावाचा शास्त्रज्ञ एम-५ हा संगणक जहाजावर बसवतो. ४३० माणसांचं काम आता २० जणांत होणार. (याचं नाव एम-१ न ठेवता एम-५ का, असं कर्क विचारतो. एम-१ ते एम-४ जमले नाहीत म्हणे! तरी एम-५ थेट प्रॉडक्शनवर.) सुरुवातीला यंत्र झकास चालतं. मग दुसऱ्या जहाजावरचा कमोडोर गमतीत कर्कला 'कॅप्टन डन्सेल' म्हणतो. ब्रिजवर एकदम शांतता. याचा अर्थ काय, असं मॅकॉय विचारतो. स्पॉक सांगतो, ज्याचा काही उपयोग नाही अशा भागाला अकादमीतली मुलं डन्सेल म्हणतात.

इथे मी पॉज केलं. आमची चौदा जणांची टीम या वर्षी पाचवर आली आहे, कोड बराचसा टूल लिहितं आणि आम्ही तो 'रिव्ह्यू' करतो. पाचात मी आहे. अजून.

पुढे एम-५ युद्धसरावाला खरा हल्ला समजतो आणि एका जहाजावरची सगळी माणसं मारतो. कर्क त्याला बोलण्यात गुंतवून, खुनाची शिक्षा त्याच्याच तोंडून वदवून बंद पाडतो. ही कर्कची नेहमीची युक्ती, याआधीही यंत्रांवर वापरून झालेली. मला ती आळशी पटकथा वाटते.

खरा ऐवज डेस्ट्रॉममध्ये आहे. चोविसाव्या वर्षी त्याने जगाला थक्क करणारा शोध लावला, आणि तेव्हापासून लोक विचारत राहिले, आता पुढे काय? त्याने एम-५ मध्ये स्वतःच्याच मनाचा ठसा उमटवला आहे. म्हणजे बंद व्हायला नकार देणारं ते यंत्र नसून निकामी ठरण्याला घाबरलेला माणूस आहे. माणसांना डन्सेल करणारं यंत्र बनवलं कोणी, तर त्यातल्या सगळ्यात सीनियर डन्सेलने! साठ वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्याला सलाम.

एक गोष्ट मात्र खटकली. उतरवलेली ४१० माणसं सुरुवातीलाच एका अंतराळ स्थानकावर पाठवली जातात. त्यानंतर भाग संपेपर्यंत त्यांचं नाव कोणी काढत नाही.