श्रीपालाचा किनारा

नवपद ओळीत श्रीपाल रासाचे वाचन सुरू झाले की समुद्राचा प्रसंग येतोच. लोभाने आंधळा झालेला धवल शेठ माचाचा दोर कापवून श्रीपालाला समुद्रात पाडतो. नवपदांचे स्मरण करणाऱ्या त्या राजपुत्राला एक मगरमच्छ पाठीवर घेऊन कोकणच्या किनाऱ्याशी पोहोचवतो आणि तेथील राजा सन्मानाने त्याचे स्वागत करतो. ते नगर म्हणजे ठाणे. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रत स्वामींचे जिनालय ही आठवण आजही जपून आहे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील व्यापारी कुटुंबांना समुद्र ठाऊक आहे तो न्हावाशेवा बंदरापुरता. माल कसारा घाट उतरून बंदरात गेला आणि कागदपत्रे हाती आली की संबंध संपला. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी मात्र तोच समुद्र स्वतःच्या बाहुबलावर पार केला. २०१५-१६ च्या हिवाळ्यात द्वारका ते कन्याकुमारी हे सुमारे ३००० किलोमीटरचे अंतर त्यांनी कयाकमधून कापले. त्यांच्या सोबतीला शांजली शाही किनाऱ्यालगतच्या रस्त्याने सायकलवर होत्या.

कयाक ही अरुंद, दुपाती वल्ह्याने चालणारी होडी. तिच्यात बसणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच असतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात तोवर समुद्र सहसा शांत असतो. दुपारी खारे वारे सुटले की वल्हे जड होते. संध्याकाळी कोणत्या तरी गावी होडी वाळूवर ओढावी लागते. अशा प्रवाशाला आसरा मिळतो तो बहुधा कोळीवाड्याचा.

मासेमारी जैन आचाराला मान्य नाही, हे खरे. तथापि याच किनाऱ्यावर जीवदयेचे एक वेगळे रूप दिसते. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा अडकला, तर त्याला सोडवण्यासाठी मच्छीमार आपले जाळे कापतात. जाळे म्हणजे त्यांचे भांडवल. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून अशा नुकसानीसाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली. भांडवलाची किंमत जाणणाऱ्या व्यापाऱ्याला या त्यागाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचा अनुभवही असाच आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तेथे पूर्वी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने घरट्यांचे रक्षण आरंभले. वाळूत सुमारे पन्नास दिवस काढून पिल्ले बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळी त्यांना समुद्राकडे सोडले जाते आणि ती आपल्या पायांनी पाणी गाठतात. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते. जेवण साधे, शाकाहारी असते. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण हवे असल्याचे आधी कळवावे, म्हणजे यजमानांचीही अडचण होत नाही.

साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. चैत्री ओळीही त्याच सुमारास येते. मुलांना श्रीपालाची कथा ऐकवल्यानंतर त्याला आश्रय देणारा हा किनारा एकदा अवश्य दाखवावा. धवल शेठजवळ पाचशे जहाजे होती, तरी त्याने लोभापायी दोर कापवला. येथे एका होडीचा धनी मुक्या जीवासाठी आपले जाळे कापतो.