जात्याचा खुंटा

कर्जतच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे राहिले की माझा शिकवण्याचा विषय मला फुकट ऐकायला मिळतो. "कडाव, कशेळे! कडाव, कशेळे!" अशी कंडक्टरची हाळी चाललेली असते, आणि ज्या गावात उभा राहून तो ओरडतो त्याचेही नाव क-कारानेच सुरू होते. बाहेरगावचे लोक आमच्या कडावला येतात ते बालदिगंबर गणेशाच्या दर्शनाला. त्यांना ही मौज कळायची नाही. मी मात्र मास्तर. वर्गात अनुप्रास शिकवायची वेळ आली की वर्षानुवर्षे मी हेच उदाहरण देत आलो. मुले हसतात, उदाहरण लक्षात राहते, आणि परीक्षेत गुणही मिळतात. मास्तराला याहून अधिक काय हवे?

यंदाच्या पावसाळ्यात या समाधानाला धक्का बसला. मी व्याख्या सांगितली. एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन काव्याला शोभा येते, तेव्हा अनुप्रास अलंकार होतो. ठाकरवाडीवरून चालत येणारी एक मुलगी मागच्या बाकावरून उठली. एरवी ती कधी बोलत नाही.

"गुरुजी, कर्जत, कडाव, कशेळे... याला शोभा कुठं आली?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "बस खाली" म्हणालो. उत्तर येत नसले की मास्तर असाच हसतो. पण संध्याकाळी घरी आलो तरी तो प्रश्न पायात मोडलेल्या काट्यासारखा सलत राहिला. खरेच, शोभा कुठे आली? अक्षर तर तीन वेळा आले होते.

मग आई आठवली.

माझ्या लहानपणी आमच्या घरी नाचणी आणि तांदूळ जात्यावर दळले जात. पहाटे मला जाग येई ती जात्याच्या घरघरीने आणि त्यावर तरंगणाऱ्या आईच्या ओवीने. आई शाळेत गेलेली नव्हती. मी मात्र तेव्हा अलंकार, वृत्ते, यमके शिकून नुकताच शहाणा झालो होतो. एका पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मी तिच्या ओवीची अक्षरे बोटांवर मोजली आणि म्हणालो, "आई, तुझी अक्षरं जास्त होतात. आणि शेवटी यमकही जुळत नाही."

जाते न थांबवता ती म्हणाली, "जातं फिरतंय ना, बाबा? मग जुळलं."

मला तो अडाणीपणा वाटला. पण त्या दिवसापासून मी जागा आहे असे दिसले की आई ओवी म्हणेनाशी झाली. नुसते जाते ऐकू येई. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जातेही थांबले. आता आईही नाही. मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत पानेच्या पाने संवाद लिहिले. पण तिची एकही ओवी मला पुरती आठवत नाही. अक्षरे मोजली होती, ती ऐकली कुठे होती?

त्या संध्याकाळी तिचे उत्तर मला प्रथमच समजले. जाते एकदा फिरायला खुंट्याला ओढ द्यावी लागते, मग हात आपोआप परत येतो. ओवीचे चरण त्या फेऱ्याबरोबर जातात, आणि अखेरचा आखूड चरण संपतो त्या श्वासाला जात्याच्या तोंडात मूठभर घास पडतो. यमक तिथे शोभेला आलेले नसते. तो खुंटा असतो. तो धरल्याशिवाय एवढा दगड पहाटेच्या अंधारात एकट्या बाईला फिरत नाही. आणि त्या दगडाबरोबर माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकराची काळजी, हे सारेच फिरायचे असते.

अभंगाचे तरी दुसरे काय आहे? मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्यात. तीन पावले सारखी पडतात, दोन एकमेकांना ओळख देतात आणि चौथे आखूड पडते. लांबून चालत आलेल्या माणसाने उंबरठ्याशी थबकावे, तसे. शब्दांचा अर्थ कळण्याआधीच पोचल्याची जाणीव कानाला होते.

उलट नुसती करामत कशी असते तेही आपल्याकडे पाहायला मिळते. मोरोपंतांची १०८ रामायणे रचल्याची ख्याती आहे. त्यांतले एक निरोष्ठ रामायण. त्यात ओठांना ओठ लागेल असे अक्षर नाही. प, फ, ब, भ, म ही सारी वर्ज्य. म्हणजे ज्याचे रामायण त्या रामाचे नावच त्यात उच्चारता यायचे नाही! पंतांच्या सामर्थ्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्या कितीतरी शतके आधी दंडीने 'दशकुमारचरिता'त हीच युक्ती योजली, तिला कारण होते. तिथला मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षताने त्याचे ओठ दुखावले आहेत. युक्ती एकच, एकीकडे ती कवीची ताकद दाखवते, दुसरीकडे सांगणाऱ्याचे दुखणे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुस्तक उघडलेच नाही. बाहेर पाऊस होता. "पावसाला घरी काय काय म्हणतात?" मी विचारले. रिपरिप, झिमझिम, भुरभुर, पिरपिर, धो धो, फळा भरला. "आता डोळे मिटा आणि एकेक शब्द म्हणून पाहा."

मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा उठली. "गुरुजी, रिपरिप म्हणताना ओठ मिटतात. वाटतं थांबला, तर पुन्हा उघडतात. धो धोला मिटतच नाहीत."

अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त कोणत्या वर्णांनी माधुर्य येते आणि कोणत्या वर्णांनी ओज, हे मांडून ठेवले. ट-ठ-ड-ढ ही मंडळी त्याने माधुर्याच्या पंक्तीतून उठवली. आमच्या वर्गाने मम्मटाचे नाव ऐकलेले नव्हते. पण आवाजालाही अर्थ असतो, हे या मुलीच्या ओठांना ठाऊक होते. 'अलंकार' या शब्दात 'अलम्' आहे. अलम् म्हणजे पुरेसे. बोलणे अपुरे पडते तिथे त्याला पुरे करतो, तो अलंकार. आम्ही मास्तरांनी त्याचा दागिना केला आणि पेटीत ठेवून दिला.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी टिपून घेतली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ती कविता महाराष्ट्रापुढे आली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. कितीतरी आयांचे आवाज असे राहिले. ज्या घरात ऐकणारे कुणी होते, तिथलेच राहिले. माझ्या घरी मोजणारा होता.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. भात कापून झाले, खळ्यावर झोडणी चालू आहे. परवा ती मुलगी एक वही घेऊन आली. तिच्या आजीला लग्नात हळद दळतानाच्या ओव्या येतात, त्या तिने उतरवल्या होत्या. शुद्धलेखन वाकडेतिकडे, ओळी कुठेही तुटलेल्या. सवयीने माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला. मी ती खिशात ठेवली.

"वाचून दाखव," मी म्हणालो.

"वाचून नाही येत, गुरुजी. आजीसारखं म्हणावं लागतं."

मग तिने म्हणून दाखवल्या. दोन ठिकाणी अक्षरे जास्त होत होती बहुधा. जाते मात्र फिरत होते.